गुणाजीभाऊंचं जाजम

ढेकूण परवडला, पण पिसू नको. ढेकूण जड अंगाचा, रक्त पिऊन सुस्तावतो, शोधला तर सापडतो. पिसू चावते तेव्हा दिसत नाही आणि दिसते तेव्हा जागेवर नसते. हे ज्ञान मला कोणी शिकवलेलं नाही. लग्न होऊन मी अंधेरीला आले आणि माप ओलांडल्यापासून आठवड्याभरात ते मला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आपोआप मिळालं.

ही चौपन्न सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अंधेरीला पूर्वेच्या बाजूला उतरून मरोळच्या रस्त्याने निघालं की उजव्या हाताला आमची वाडी होती. कौलारू खोल्यांच्या समोरासमोर दोन रांगा, मध्ये अंगण आणि अंगणाच्या टोकाला विहीर. निम्म्या खोल्यांत आमच्यासारखी कचेरीत जाणारी माणसं, निम्म्यांत कोकणातली, गिरणीत राबलेली. कोणाकडे शहाबादी फरशी होती, कोणाकडे अजून शेणाने सारवलेली जमीन. पिसवांनी मात्र हा भेद कधी मानला नाही.

माझे पाय सुजून लाल झाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नवीन पाणी आहे हो. बाधतं सुरुवातीला."

पाणी पोटाला बाधतं, ते पोटऱ्यांना कसं बाधेल, असा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण नवी सून म्हणजे अर्ध्या तोंडाचं माणूस. मी नुसती खाजवत राहिले. मग हळूहळू लक्षात आलं की सासूबाईही निऱ्या नीट करायच्या निमित्ताने खाजवतात. आमचे हे कचेरीतून आले की एका पायाने दुसरा पाय घासत चहा पितात. शेजारीपाजारी कोणी आलं की तेही बोलता बोलता अंग चोरतात. सगळ्यांच्या घरात पिसवा होत्या, पण कबूल कोणी करत नव्हतं. घरात पिसवा आहेत म्हणायचं म्हणजे आपण घाणेरडे आहोत असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि एवढं धैर्य आमच्या वाडीत नव्हतं.

ते धैर्य एकट्या गुणाजीभाऊंनी केलं. मी विहिरीवर पाणी भरत होते. एक पाय दगडावर घासत होते. भाऊ तिथून चालले होते. थांबले आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय गो सूनबाय, पिसवो चावतत मा?"

मला त्या क्षणी हा माणूस आवडला. माहेरचं कोणी भेटावं तसं वाटलं.

गुणाजीभाऊ तावडे मालवणकडचे. उंच, काटकुळे, गुडघ्यापर्यंत नेसलेलं पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी. परळच्या एका गिरणीत साच्यांवर उमेदीची सगळी वर्षं घालवलेले. साचे म्हणजे माग. त्या खडखडाटात वर्षानुवर्षं ओरडून बोलायची सवय झालेली, त्यामुळे कुजबूज हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. बायको गावी होती, ती तिकडेच वारली. मूलबाळ नव्हतं. गिरणी सुटल्यावर ते भावाच्या खोलीत राहायला अंधेरीला आले आणि वर्षभरात भाऊही गेला. राहिले हे एकटे, यांची मांजर बायजा, आणि ते जाजम.

या जाजमाविषयी नीट सांगितलं पाहिजे, कारण वाडीत गुणाजीभाऊंना जे काही स्थान होतं ते त्या जाजमावर होतं. परळला गाववाल्यांची एक सामायिक खोली होती. तिथे त्यांचं भजनी मंडळ होतं. पुढे माणसं पांगली, खोली मोडली, तेव्हा वस्तूंची वाटणी झाली. कोणी पखवाज घेतला, कोणी मोठी पातेली घेतली. भाऊंच्या वाट्याला जाजम आलं. तांबडंभडक, काठाला काळ्या वेली, आणि एवढं मोठं की आमचं अर्धं अंगण झाकायचं.

वाडीत बारसं असो, मुंज असो, पूजा असो नाही तर कोणाचा तेरावा असो, जाजम भाऊंचंच. आणि जाजम मागायला जायचं म्हणजे भाऊंना बोलावणं आपोआप व्हायचं. ते स्वतः खांद्यावर घेऊन यायचे, स्वतः अंथरायचे, कोपरे ओढून सारखे करायचे आणि मग दाराशी उभे राहून "चपला भायर! चपला भायर!" करत एकेकाला जागा दाखवायचे. म्हातारी भिंतीकडे, पोरवाल्या बायका दाराजवळ, जावई मधोमध. आमच्या सासूबाईंना कुठे बसवलं की त्या खूश होतात आणि कोणाच्या शेजारी बसवलं की महिनाभर अबोला धरतात, हे भाऊंना पाठ होतं. सगळी बसली की ते स्वतः जाजमाच्या बाहेर, उंबऱ्याशी टेकायचे. प्रसाद त्यांना शेवटी मिळायचा, पण वाटी भरून मिळायचा.

एकदा मी विचारलं, "भाऊ, तुम्ही गावी का नाही गेलात?"

"गावाक माका कोण वळाखता गो आता?" ते म्हणाले. "हंयसर निदान जाजम मागूक तरी लोक येतत."

हसत म्हणाले होते, पण मला ते खरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

जाजमाचे दोन कडक नियम होते. पाणी लावायचं नाही आणि ऊन दाखवायचं नाही. पाण्याने तांबडा रंग फुटेल आणि उन्हाने उडेल. कापडात आयुष्य गेलेला माणूस, त्याच्यापुढे कोण बोलणार? वापर झाला की ते झटकून गुंडाळायचे आणि माळ्यावर, अंधारात ठेवून द्यायचे. उंदरांनी कुरतडू नये म्हणून बायजाला त्याच्यावर निजायची सवय लावली होती. त्यासाठी तिला बशीभर दूध मिळायचं. बायजा आपली नोकरी चोख करायची. दिवसभर जाजमात घुसून झोपायची आणि अधूनमधून मागच्या पायाने कान खाजवायची.

आता शहाण्या वाचकाला पुढचं समजलं असेल. पण आम्ही वाडीतले लोक तेवढे शहाणे नव्हतो.

भाऊंनी पिसवांचं नाव उघड घेतलं आणि वाडीची जीभ सुटली. ज्याला त्याला आपल्या पोटऱ्या दाखवायची घाई झाली. काहीतरी केलं पाहिजे असं ठरलं, आणि काही ठरवायचं म्हणजे सभा हवी, आणि सभा म्हटली की जाजम आलंच. पिसवांचा नायनाट कसा करावा याची ती सभा आम्ही त्या जाजमावर बसून, खाजवत खाजवत केली. गुणाजीभाऊंना पुढारी नेमलं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, एवढे ते भारावले होते.

मग काय विचारता! भाऊंनी तंबाखू उकळून तिचं पाणी घराघरात शिंपडलं. सासूबाई दोन दिवस शिंकत होत्या. नंतर कडुनिंबाचा पाला पेटवून दारं लावून धुरी दिली. धूर कौलांतून वर आला तेव्हा मागच्या तबेल्यातला भैया आग लागली समजून पाण्याच्या बादल्या घेऊन धावला आणि त्याने मालनच्या घरातली चूल विझवली. मालन ही भाऊंच्याच गावाकडची, समोरच्या रांगेतली. पोटुशी होती, दिवस भरत आले होते, आणि तोंडाची फटकळ. तिने भैयाला आणि भाऊंना एकाच दमात जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिन्हीसांजेला परातीत पाणी ओतून मध्ये पणती ठेवायची, हा भाऊंचा तिसरा उपाय. पिसवा उजेडाकडे उडी मारतात आणि पाण्यात पडतात. खरंच पडायच्या! सगळी वाडी परातीभोवती उकिडवी बसायची आणि एक टुपकन पडली की टाळ्या पिटायची.

आमचे हे, श्यामसुंदर म्हणून कचेरीत ओळखले जाणारे, या सगळ्याला हसायचे. त्यांचा विश्वास नव्या शास्त्रावर. त्यांनी फोर्टातून डीडीटीची पावडर आणली आणि नाकाला रुमाल बांधून घरभर उधळली. फरशीवर, गाद्यांखाली, कोनाड्यांत, देवघराच्या खालीसुद्धा. आमचं घर पिठाच्या गिरणीसारखं दिसायला लागलं. पण गुण आला. चार दिवस कोणाला काही चावलं नाही. ह्यांची मान ताठ झाली. "बघितलंत भाऊ? तंबाखू-बिंबाखू सोडा. सायन्स आहे सायन्स!"

भाऊ म्हणाले, "आसात बाबा. माणसांका चावना नाय मा? मग झाला."

घर स्वच्छ झालं याच आनंदात सासूबाईंनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू घातलं. कैरीची डाळ केली, पन्हं केलं, गौर सजवली. भाऊ जाजम घेऊन आले. बायका बसल्या, ओट्या भरल्या, नव्या सुनेला नाव घ्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा उजवा पाय पुन्हा डाव्या पायाला घासायला लागला. ह्यांनी पावडर विकणाऱ्या दुकानदाराला शिव्या घातल्या. भेसळ करतात लेकाचे!

असं वाडीत एकामागून एक चाललं होतं. ज्याच्या घरातून पिसवा गेल्या तो आनंदाने काहीतरी घरी करायचा, आणि त्याच्याकडे त्या परत यायच्या. शेवटी मनुष्याचे यत्न थकले, आता देवालाच साकडं घालू म्हणून साऱ्या वाडीने मिळून सत्यनारायण घातला. अंगणात मांडव, खाली जाजम. भटजी स्थूल होते. पहिला अध्याय त्यांनी ठीक म्हटला. दुसऱ्यात एक मांडी सोडून दुसरी घातली. तिसऱ्यात साधुवाणी तुरुंगात पडला तेव्हा ते स्वतःच अर्धे उभे राहिले होते. चौथा आणि पाचवा त्यांनी इतक्या वेगाने उरकला की कलावतीने प्रसाद घेतला की नाही हेही आम्हाला नीट कळलं नाही. दक्षिणा घेऊन ते अंगण ओलांडून गेले ते जवळजवळ नाचत. भाऊ मात्र हात जोडून उंबऱ्याशी डोळे मिटून बसले होते. जाजमाच्या बाहेर बसायचे ना, त्यामुळे त्यांना स्वतःला त्या मानाने फार कमी चावायचं.

सत्यनारायणाने पिसवा वाढल्या. मग वाडीने माणसांत अपराधी शोधायला सुरुवात केली, आणि तो लगेच सापडला.

आमच्या रांगेतल्या शेवटच्या खोलीत माणिकराव टिपणीस राहायचे. कोर्टात टंकलेखक. विहिरीच्या रहाटावरून त्यांचं कधीतरी सगळ्यांशी भांडण झालं होतं, तेव्हापासून ते ना कोणाकडे जात, ना कोणाला बोलावत. त्यांच्या घरात एकही पिसू नाही ही बातमी मालननेच आणली. अख्ख्या वाडीत एकाच घरात पिसवा नाहीत? म्हणजे यानेच सोडल्या! पाच-सहा पुरुष आणि भाऊ मिळून जाब विचारायला गेले. आम्ही बायका मागे उभ्या राहिलो.

माणिकराव दारात आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी कोणाला बोलावत नाही. पिसवांनाही बोलावलं नाही." आणि दार लावून घेतलं.

पुरुष चडफडत परतले. माझ्या मात्र डोक्यात ते वाक्य अडकलं. स्वयंपाक करता करता मी विचार करत राहिले. जो कोणाला बोलावत नाही त्याच्याकडे पिसवा नाहीत. आमच्याकडे हळदीकुंकवानंतर आल्या. मालनकडे डोहाळजेवणानंतर. माझ्या लग्नानंतरची पूजा झाली आणि आठवड्याभरात माझे पाय सुजले. माणसं तर रोजच एकमेकांकडे जातात. मग पूजेला, हळदीकुंकवाला आणि डोहाळजेवणाला असं काय येतं, जे एरवी येत नाही? पोळी तव्यावर करपली आणि मला उत्तर मिळालं.

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी कपाळाला हात लावला. "वाट लागली! हे भाऊंना कोण सांगणार? त्या माणसाकडे दुसरं आहे काय?"

ह्यांनी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी कोणाला सांगू नका म्हणून शेजारी सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत भाऊ सोडून सगळ्या वाडीला ठाऊक झालं. पण मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? इथे तर मांजरही खरोखरचं होतं. लोक फक्त कार्यं पुढे ढकलायला लागले. एकाची मुंज अचानक पुण्याला करायचं ठरलं. भाऊ रोज सकाळी दारात बसून वाट बघायचे. जाता-येता विचारायचे, "काय, लग्नसराई संपली काय रे वाडीतली?" आणि आम्ही खाली बघून पुढे जायचो. मला तर त्यांच्या दारावरून जाणं नकोसं झालं.

तेवढ्यात मालनला मुलगा झाला. भाऊंच्या अंगात उत्साह संचारला. गावची लेक, पहिलटकरीण, बारसं थाटातच होणार! ते न बोलावता मालनच्या ओटीवर गेले. मी तिला बाळंतिणीची खीर द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं.

"जाजम खंय घालूचा? ओटयेर की आंगणात?" भाऊंनी विचारलं.

मालनने बाळाला छातीशी घट्ट धरलं. "भाऊ, रागावू नकात. बारशाक जाजम नको."

"कित्याक?"

"तुमच्या जाजमात पिसवो आसत. साऱ्या वाडीक म्हायत आसा. माझा पोर बारा दिसांचा होतला, तेका चावल्यो तर?"

मी खिरीचं भांडं धरून उभी राहिले. भूमी दुभंगेल तर बरं असं वाटत होतं. भाऊंचा चेहरा आधी काही न कळल्यासारखा होता, मग लाल झाला.

"माझ्या जाजमात? माझ्या जाजमात पिसवो? थांबा! आत्ताच्या आत्ता दाखवतंय!"

ते तरातरा घरी गेले. जाजम खांद्यावर टाकून भर दुपारी अंगणाच्या मधोमध आले. उन्हाचा नियम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. त्यांनी जाजम उलगडलं. आतून बायजा बाहेर पडली, आळस दिला आणि कोपऱ्यात जाऊन बसली. भाऊ जाजमाच्या मधोमध उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्याच्यावर असे उभे होते.

"येवा!" ते गिरणीतल्या आवाजात ओरडले. "सगळे येवा! बघा! खंय आसत पिसवो? एक तरी दाखवा!"

वाडी दारादारांत जमा झाली. कोणी काही दाखवायची गरजच पडली नाही. ऊन लागलं तशा जाजमातल्या पिसवा वर यायला लागल्या, आणि भाऊंचं धोतर पांढरंशुभ्र होतं. आधी काठाला काळे ठिपके दिसले, मग ते वर सरकले. भाऊ हात पसरून उभे होते, मान ताठ होती, आणि गुडघ्याखालचं धोतर तीळ लावलेल्या भाकरीसारखं झालं होतं. त्यांना चावत असणार, खूप चावत असणार. पण त्यांनी पाय हलवला नाही.

"दिसता काय काय?" त्यांनी पुन्हा विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

आमच्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसायला आलं म्हणून की रडायला, कोण जाणे. मलाही दोन्ही येत होतं. भाऊंनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या धोतराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हां," ते म्हणाले. बस, एवढंच. वाकून त्यांनी जाजम गुंडाळलं, काखेत मारलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. बायजा बाहेरच राहिली आणि दाराशी बसून ओरडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मागच्या अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढलं होतं. जाजम त्यात मावेना. मावण्यासारखं भांडं अख्ख्या अंधेरीत नसेल. मी कुंपणातून पाहिलं तर भाऊ कोयत्याने जाजमाचे तुकडे करत होते. एक तुकडा पाण्यात टाकला की उकळतं पाणी लालभडक व्हायचं. भाऊ लाकडाने ढवळत होते आणि स्वतःशी, पण नेहमीच्याच मोठ्या आवाजात बोलत होते, "रंग गेलो. सगळो रंग गेलो." फिकट गुलाबी तुकडे कुंपणावर वाळत पडले. त्यांची पुढे पायपुसणी झाली, पोतेरी झाली.

संध्याकाळी बायजाला अंघोळ घालण्याचा कार्यक्रम झाला. रिठ्याच्या पाण्याने. त्यानंतर भाऊंच्या दोन्ही हातांवर एवढे ओरखडे होते की त्यापुढे पिसवांचे चावे काहीच नाहीत. ह्यांनी आपली उरलेली डीडीटी मुकाट्याने त्यांच्या माळ्यावर मारून दिली. सायन्सचं नाव काढलं नाही. वाडीनेही आपापली घरं पुन्हा एकदा झाडून-सारवून घेतली, आणि या खेपेला पिसवा गेल्या त्या गेल्याच.

पण त्याबरोबर भाऊही गेल्यासारखे झाले. दारात बसेनात. विहिरीवर आम्ही यायच्या आधी पाणी भरून जायचे. मालनने त्यांना बारशाचं बोलावणं नवऱ्याकडून पाठवलं होतं, स्वतः हाकही मारली होती. "बघूया," म्हणून त्यांनी आतूनच उत्तर दिलं होतं. जाजम गेलं, आता आपल्याला कोण कशाला बोलावेल, बोलावलं तरी ते दयेने, हे त्यांच्या मनात होतं. कोणी न सांगता मला ते कळत होतं.

बारशाच्या दिवशी मालनच्या ओटीवर पाळणा बांधला होता. बसायला प्रत्येकाने आपलं आपलं आणायचं असं ठरलं होतं. आणि आणलंही. कोणी चटई, कोणी घोंगडी, कोणी पाट, कोणी गोणपाट. आमच्या सासूबाई दर्भासन घेऊन आल्या. सर्वांत मोठं नवल म्हणजे माणिकराव टिपणीस आले, काखेत सुरळी करून आणलेली नवी कोरी चटई घेऊन. जाजम नाही म्हणजे पिसवा नाहीत, असा त्यांचा हिशेब असावा.

आणि मग सगळी माणसं आपापलं आसन हातात घेऊन अंगणात उभीच राहिली. कोणी कुठे बसायचं तेच कोणाला कळेना. पाळण्याजवळची जागा आमच्या सासूबाईंनी धरली, तर बाळाची आत्या म्हणाली, नाव मी ठेवणार, मला तिथे नको का? म्हाताऱ्यांच्या वाट्याला उन्हाची जागा आली. दोन पाट एकावर एक चढले. माणिकरावांची चटई कोणीतरी तुडवली आणि ते पुन्हा भांडणाच्या बेतात आले. चपलांनी तर कहर केला, पाळण्याखालीसुद्धा एक जोड होता. मुहूर्त टळायला आला तरी निम्मी माणसं उभी होती आणि बसलेली उठायला लागली होती.

मालनने हे पाहिलं. बाळ आत्याच्या हातात दिलं, आणि बाराव्या दिवसाची बाळंतीण तशीच अंगण ओलांडून भाऊंच्या दाराशी गेली. कडी वाजवली.

"भाऊ! भायर येवा!"

"जाजम नाय माझ्याकडे," आतून आवाज आला.

"जाजम कोण मागता तुमच्याकडे?"

"मग मी येवन काय करू?"

"ह्या बघा तरी भायर येवन! सगळी उभी आसत. कोणी खंय बसाचा ता कोण सांगतलो? तुमचा जाजम काय बोलत होता?"

दार थोडं उघडलं. भाऊंनी मान बाहेर काढून अंगणाकडे पाहिलं. टोपी घालायचं भानही त्यांना राहिलं नव्हतं. खांद्यावर काही नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. ते धोतराला हात पुसत उंबऱ्याबाहेर आले. दोन पावलं हळू टाकली. मग त्यांना पाळण्याखालचा तो चपलांचा जोड दिसला.

"चपला भायर!" भाऊ गरजले. "कोणाच्यो त्यो? बारसां आसा की बाजार? काढा आधी!"

काय सांगू, त्या आवाजाने सगळ्या अंगणात जीव आला! पाट उचलले गेले, घोंगड्या फिरल्या. म्हाताऱ्या सावलीत गेल्या, पोरवाल्या बायका दाराशी आल्या, आत्या पाळण्याजवळ आणि आमच्या सासूबाई बरोबर तिच्या समोर, जिथून सगळ्यांना त्या दिसतील. त्या खूश झाल्या. वेगवेगळ्या रंगांच्या त्या आसनांचे काठ भाऊंनी पायाने सरकवून एकाला एक लावले, मध्ये फट राहू दिली नाही. बघता बघता सगळी वाडी बसली.

उभे राहिले एकटे भाऊ. उंबऱ्याशी जाऊन टेकायचं तर तिथे आज पोरांनी गर्दी केली होती. आणि स्वतःसाठी आसन आणायचं त्यांना सुचलंच नव्हतं, आयुष्यात कधी लागलंच नव्हतं. ते मागे सरले, घराकडे निघाल्यासारखे. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठणार तेवढ्यात दुसरंच कोणीतरी बोललं.

"अहो तावडे," माणिकराव टिपणीस म्हणाले. वर्षानुवर्षं वाडीत कोणाला नावाने हाक न मारलेला तो माणूस आपल्या कोऱ्या चटईवर अंग चोरून एका कडेला सरकला होता आणि उरलेल्या जागेवर हात थोपटत होता. "इकडे या. बसा. इथे पिसवा नाहीत."

अंगणभर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने भाऊ हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि पोटऱ्यांवरचे जुने चावे खाजवत ते माणिकरावांशेजारी मांडी घालून बसले. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि पाळणा हलला. त्या दिवशी प्रसाद वाटताना मालनने पहिली वाटी भाऊंच्या हातात दिली.